एकशे आठ इंचांचा हिवाळा

गेल्या महिन्यात आमच्या शेंदूरजनाघाटातील एका कापडव्यापारी स्नेह्यांच्या चिरंजीवांचे उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाणे निश्चित झाले. पेढे घेऊन पितापुत्र दोघेही घरी आले. वडिलांच्या हातात वही होती, मुलाच्या हातात मोबाइल. मी बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी गावात अजून 'साहेब' हे शेपूट कायम आहे. "साहेब, तुमच्या मुलीने तिकडच्या बर्फात दिवस काढले. आमच्या पोराला सोबत काय काय द्यावं, ते सांगा," असे म्हणून त्यांनी वही उघडली. मी अर्धा तास बोललो, त्यांनी दोन पाने लिहून घेतली. ते गेल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "सगळं सामानच सांगितलंत. मेडफर्डच्या अलीकडचं ते घर कुठे सांगितलंत?" घर मेडफर्डचे नव्हे, माल्डनचे, पण त्यांचे म्हणणे खरे होते. जे सांगायचे राहून गेले, ते येथे लिहीत आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांतून आज मुले-मुली शिक्षणासाठी थंड देशांत जात आहेत, त्या घरांना कदाचित उपयोग होईल.

आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड तालुक्यात. संत्र्याच्या बागा आणि त्याहूनही अधिक संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका ही गावाची ओळख. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार केलेली कलमे येथून दूरदूरच्या गावी जातात. थंडी आम्हांस अगदीच अपरिचित नाही. पौषात पहाटे शेकोट्या पेटतात, खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्यावाचून तेल बाहेर येत नाही. परंतु आकाशातून पांढरे काही पडणे म्हणजे आमच्या लेखी गारपीट, दुसरे काही नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेली गारपीट वाचकांच्या स्मरणात असेल. मी त्या वेळी तालुक्यातील एका शाखेत होतो. कर्जदार बागायतदार गारांनी फुटलेली फळे रुमालात बांधून आणीत आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमची धाकटी कन्या एम. एस. करण्यासाठी बॉस्टनला गेली. त्यामुळे 'बर्फ पडणार' हे शब्द ऐकून आमच्या घरात कोणालाही सौंदर्य सुचले नाही.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पाल्यांच्या शैक्षणिक कर्जाचे अर्ज तपासले. त्या वर्षी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो. अंदाजपत्रकात शुल्क, निवास, विमा, पुस्तके, विमानभाडे असे सर्व रकाने होते. थंडीच्या कपड्यांचा रकाना नव्हता. तो ऑक्टोबरमध्ये उघडला. मुलीने फोनवर सांगितले की, चांगले म्हणून जे जॅकेट दाखवतात, त्याच्या आत हंसांची किंवा बदकांची पिसे भरलेली असतात. तिकडे त्याला 'डाउन' म्हणतात. बूट चामड्याचे, हातमोजेही चामड्याचे. मी व्यवहारी माणूस, म्हणालो, "बाहेरून कापडच दिसतं ना?" तिने उत्तर दिले नाही. तिसऱ्या दुकानात तिला कृत्रिम तंतूंचे अस्तर भरलेले जॅकेट मिळाले, एकशे चाळीस डॉलरला. त्या वेळी डॉलर एकसष्ट-बासष्ट रुपयांच्या घरात होता. साडेआठ हजारांचे जॅकेट! एवढ्यात आपल्याकडे घरातील सर्वांच्या शाली येतील, असे आमच्या मातुःश्रींनी ताबडतोब काढून दाखवले. बूट रबरी तळाचे आणि जाड कापडी मिळाले. गुण असा की, पिसे भिजली की ऊब धरीत नाहीत, हे कृत्रिम अस्तर मात्र ओले झाले तरी बरीच ऊब राखते. अहिंसेच्या विचाराने घेतलेली वस्तू ओल्या हिमात अधिक कामास आली, ही गोष्ट मी त्या कापडव्यापारी स्नेह्यांना मुद्दाम लिहून घ्यायला लावली.

खरी अडचण कपड्यांची नव्हती, सूर्याची होती.

बॉस्टनचा अक्षांश आपल्या गावाच्या जवळजवळ दुप्पट. डिसेंबरमध्ये तेथील दिवस जेमतेम नऊ तासांचा. त्यात तिकडे घड्याळ वर्षातून दोनदा सरकवतात. २ नोव्हेंबर २०१४ रोजी घड्याळे एक तास मागे गेली आणि आदल्या दिवशी साडेपाचनंतर मावळलेला सूर्य त्या दिवशी साडेचारच्या सुमारास मावळला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तर सव्वाचारपूर्वीच अंधार. मुलीने जाण्यापूर्वी आजीसमवेत मुक्तागिरीची वंदना केली होती. परतवाड्यापलीकडच्या त्या डोंगरात, बावन्न मंदिरांच्या पायऱ्या उतरताना तिने रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतला, तोही आम्हांला घरी आल्यावर कळला. वऱ्हाडात हा नियम पाळणे फारसे कठीण नाही. आपले दुकान, शाळा, घर सर्व हाकेच्या अंतरावर. तिकडे तिचा एक वर्ग दुपारी पावणेतीनला सुरू होऊन सव्वासहाला संपे. कंदमूळ वर्ज्य असल्याने विद्यापीठाच्या भोजनगृहातील सूपही तिला चालत नसे. बटाटा, गाजर, कांदा यांवाचून तिकडे सूप होत नाही आणि भाज्यांचे म्हणून दिलेले सूपही पुष्कळदा कोंबडीच्या रसात शिजवलेले असते. त्यामुळे डबा घरचाच. तो ती अडीच वाजता जिन्यावर बसून खाई आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही. नाताळापर्यंत तिचे वजन पाच किलोंनी उतरले. संगणकाच्या पडद्यावर तिच्या गळ्याची हाडे दिसू लागली.

मी तिला सविस्तर मेल लिहिला. द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव पाहून नियम पाळावा असे आपल्याच परंपरेत सांगितले आहे, शरीर हे धर्माचे साधन आहे, दोन वर्षांपुरती सूट घेण्यात दोष नाही, इत्यादी. मसुदा चांगला होता; कार्यालयीन टिपणांचा हात होताच. तिचे उत्तर दोन ओळींचे आले: "बाबा, हा नियम मी तुमच्याकडून घेतलेला नाही, म्हणून तुम्ही तो सोडवू शकत नाही. माझं मी पाहते." मला राग आला हे कबूल करतो. नियमाबद्दल आदर वाटण्याऐवजी, आपल्या सहीला किंमत उरली नाही असे वाटले. त्यानंतर काही दिवस आमचे बोलणे 'जेवलीस का', 'हो' एवढ्यावरच चालले.

गंमत अशी की तोवर हिम फारसे पडलेच नव्हते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेथील जुने लोक 'यंदा हिवाळा हलका' असेच म्हणत होते. मग २६ जानेवारी उजाडली. आम्ही इकडे झेंडावंदन करून आलो आणि तिकडे त्या रात्री सुरू झालेल्या वादळात विमानतळावरील मोजणीप्रमाणे २४.६ इंच हिम पडले. राज्यपालांनी वाहतूक बंद केली, आगगाड्या थांबल्या. ते आवरेपर्यंत २ फेब्रुवारीला दुसरे वादळ, ७ ते १० फेब्रुवारीला तिसरे, १४-१५ ला चौथे. एकट्या फेब्रुवारीत ६४.८ इंच. तीस दिवसांत ९४ इंचांहून अधिक. बॉस्टनला सबंध हिवाळ्यात सरासरी पडते ते त्रेचाळीस-चव्वेचाळीस इंच. यावरून त्या महिन्याचा हिशेब वाचकांनी करावा. हिमाचे इंच पावसाच्या इंचांहून निराळे असतात. साधारण दहा इंच हिम वितळले की एक इंच पाणी होते. परंतु पाणी वाहून जाते आणि हिम बसून राहते, हीच मुळी अडचण. एरवी दोन वादळांच्या मध्ये ऊन पडून थोडे तरी वितळते; त्या फेब्रुवारीत सरासरी तापमानच उणे सात अंशांच्या आसपास राहिले. आलेली रक्कम खात्यात पडून राहावी आणि वर जमा होतच जावी, तसे झाले.

मुलगी मिशन हिल नावाच्या टेकडीवजा भागात, तीन मजली लाकडी घरात, आणखी तीन मुलींसोबत राहत होती. हिम थांबल्यापासून तीन तासांत घरापुढची पायवाट मोकळी करणे हे तेथे मालकावर बंधनकारक आहे. मालक तळमजल्यावर राहत, वय सत्तरीच्या पुढे. तेव्हा या चौघी पाळीपाळीने फावडे घेत. पहिल्या दिवशी तिने सुती कपडे घालून फावडे मारले, घामाने आतले सुती कापड भिजले आणि थांबल्याबरोबर थंडीने दात वाजू लागले. सुती कापड अंगाला लागून नको, एकावर एक पातळ थर हवेत, आणि घाम येण्यापूर्वी एक थर काढायचा, हे तिला मालकांनी शिकवले. आपण तर सुताचेच व्यापारी! फावड्याने काढलेले हिम टाकायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. दोन्ही बाजूंनी छातीइतक्या भिंती झाल्या आणि माणसे खंदकातून चालावी तशी चालू लागली. मोटारीची जागा खणून काढली की ती दुसऱ्याने घेऊ नये म्हणून लोक तेथे जुनी खुर्ची, इस्त्रीचे टेबल, पिंप, हाती येईल ते ठेवीत. आठवडी बाजारात पहाटे गोणपाट टाकून जागा धरतात, तोच प्रकार; आणि त्यावरून भांडणेही तशीच. काही तरुण खिडकीतून हिमाच्या ढिगात उड्या मारू लागले, तेव्हा महापौर मार्टी वॉल्श यांना 'हे थांबवा' असे जाहीरपणे सांगावे लागले. हे ऐकून मातुःश्री खूप हसल्या. त्या महिन्यात घरात कोणी हसल्याचे मला एवढेच आठवते.

शहरातील भुयारी व लोहमार्गाच्या गाड्यांच्या मार्गांना रंगांची नावे आहेत. मुलीच्या रोजच्या मार्गाचे नाव ऑरेंज लाइन. संत्र्याच्या गावची मुलगी संत्र्याच्या गाडीत बसते, असे आम्ही सर्वांना कौतुकाने सांगत असू. त्या फेब्रुवारीत या गाड्यांची पुरती दैना झाली. गाड्या जुन्या, मोटारींत हिम शिरे, विजेच्या तिसऱ्या रुळावर बर्फ धरे.

९ फेब्रुवारी, सोमवार. वर्ग रद्द झाला होता, पण एका प्रकल्पाचे काम गटाने मिळून करायचे म्हणून ती सकाळीच ऑरेंज लाइनच्या दुसऱ्या टोकाकडे, माल्डनला, वर्गातील एका मुलीकडे गेली. डबा बाराच्या सुमारास झाला. साडेचारला निघून सूर्यास्तापूर्वी काही खायचे असे ठरवले होते, काम लांबले. संध्याकाळी सातपासून सर्व रेल्वेगाड्या बंद होणार आणि दुसऱ्या दिवशीही बंद राहणार, हे त्यांना उशिरा कळले. ती धावत स्थानकावर गेली. आलेली गाडी भरलेली, नंतरची आलीच नाही. फलाटावर अर्धा-पाऊण तास उभी राहून ती पुन्हा मैत्रिणीच्या घराकडे चालत निघाली. एरवीची पंधरा मिनिटांची वाट. त्या दिवशी तिला चाळीस मिनिटे लागली. थंडीत मोबाइलची बॅटरी एकाएकी बसते हे तिला ठाऊक नव्हते. तीस टक्के दिसत असता फोन बंद पडला.

तिकडचे सायंकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे सहा. हीच आमची रोजची फोनची वेळ. त्या दिवशी सहा वाजले, साडेसहा, सात. मी तिच्या खोलीतील मुलींना फोन केला. त्या म्हणाल्या, आली नाही. टीव्हीवर दिल्लीच्या निवडणुकीची मतमोजणी चालू होती आणि सारे गाव त्यात रमले होते. सौभाग्यवती देवघरात बसून राहिल्या. मी बँकेत गेलो, कारण घरी बसून काय करणार. आणि त्या सकाळी एका कर्ज-नूतनीकरणाच्या कागदावर चुकीची तारीख घातली, जी पुढे तपासणीत निघाली. अकराला थोडा अवकाश असताना फोन वाजला.

माल्डनच्या त्या घरात चार तेलुगू मुली राहत होत्या. कन्या दारात पोचली तेव्हा तिला बोटांनी बुटांची नाडी सोडता येत नव्हती. त्यांनीच बूट काढले, पाय कोमट पाण्यात ठेवले; फार गरम नव्हे, कोमट, कारण बधिर झालेल्या कातडीला उष्णता कळत नाही आणि भाजते. मग त्यांतील एकीने, हिला काय चालत नाही हे एव्हाना माहीत असल्याने, कांदा-लसूण-बटाटा न घालता मुगाच्या डाळीची खिचडी टाकली. रात्रीचे नऊ वाजले होते. हिच्यापुढे ताट आले. ती मुलगी हिच्यासमोर बसून राहिली, काही बोलली नाही. आणि हिने खाल्ले.

हे तिने मला सांगितले नाही. फोन तिने आजीकडे मागितला होता. मी घरी आल्यावर मातुःश्रींनीच सांगितले. त्या वेळी त्यांचे वय ऐंशीच्या घरात. त्यांनी स्वतः पन्नास वर्षांत सूर्यास्तानंतर पाण्याव्यतिरिक्त काही घेतलेले नव्हते आणि पुढे पाणीही सोडले होते. त्या नातीला काय म्हणाल्या, हे विचारण्याचा मला धीर होईना. त्याच म्हणाल्या, "म्या इचारलं, गरम होती काय वं खिचडी? थे रडाले लागली. मंग म्या इचारलं, वाढलं थ्या पोरीचं नाव काय."

दुसऱ्या दिवशी मुलीने एकाशन केले आणि नियम पुन्हा सुरू केला. तो आजतागायत चालू आहे. त्यात सुधारणा मात्र झाली. प्राध्यापकांना तिने सरळ सांगितले, आणि चार वाजता दहा मिनिटे बाहेर जाण्याची मुभा मिळाली. तिने आधीच विचारले असते तर नोव्हेंबरपासूनच मिळाली असती. संकोचामुळे तिने ते अडीच महिने उपाशी काढले. सौभाग्यवतींचे मत असे की त्या रात्रीही तिने दूध घेऊन निभावले असते. माझे मत निराळे आहे. घरात हा वाद मिटलेला नाही.

त्या हिवाळ्यातील आणखी एक गोष्ट आम्हांला मार्चमध्ये कळली. फेब्रुवारीच्या अखेरीस ती रस्त्यावर घसरून पडली होती आणि डाव्या मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. ताजे हिम तितके घातक नसते. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, डांबरावर दिसतही नाही असा पारदर्शक थर घातक. त्यावर लांब टांगा न टाकता बदकासारखे लहान पावलांनी, हात खिशाबाहेर ठेवून चालावे लागते. तिचे हात खिशात होते. बारा दिवस तिने संगणकाच्या पडद्यावर डावा हात येऊ दिला नाही. मी रागावणार होतो. पण त्याच पंधरवड्यात मातुःश्रींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आम्ही तिच्यापासून लपवली होती, त्यामुळे तो अधिकार उरला नव्हता. उन्हाअभावी ड जीवनसत्त्वही कमी निघाले. डॉक्टरांनी दिलेल्या मऊ गोळ्यांचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांचे. तेव्हा औषधविक्रेत्याकडून बिनआवरणाची कोरडी गोळी शोधून घेतली. जाणाऱ्यांनी येथूनच तपासणी करून जावे हे बरे.

बॉस्टनपासून थोड्या अंतरावर नॉरवूड येथे जैन सेंटर आहे. ते १९७३ साली स्थापन झाले. तिकडे जाणाऱ्या लोकल गाड्याही त्या महिन्यात बेभरवशाच्या होत्या, त्यामुळे ती एप्रिलपर्यंत तेथे जाऊ शकली नाही. गेली तेव्हा पन्नाशीच्या एका भगिनींनी तिला विचारले, "हिवाळाभर कुठे होतीस? आम्हांला फोन का नाही केलास?" नंबर तिच्या डायरीत ऑगस्टपासून होता.

१५ मार्च २०१५ रोजी बॉस्टनच्या हिमाची बेरीज १०८.६ इंचांवर गेली आणि १९९५-९६ चा १०७.६ इंचांचा उच्चांक एका इंचाने मोडला. मी हा आकडा मातुःश्रींना वाचून दाखवला. त्यांच्या हातात जपमाळ होती. "एकशे आठ? माळेएवढं झालं की रे," एवढेच म्हणून त्यांनी पुढचा मणी ओढला. शहरातून उचललेल्या हिमाचे डोंगर मोकळ्या जागांत रचले होते. त्यांतील बंदराजवळचा सर्वांत मोठा ढीग, माती-कचऱ्याने काळा पडलेला, पूर्ण वितळायला १४ जुलै उजाडला. आपल्याकडे तेव्हा मृग सरून पेरण्या झालेल्या होत्या.

मातुःश्री २०१९ मध्ये गेल्या. कन्या आता तिकडेच नोकरीत आहे. माल्डनची ती खिचडीवाली मुलगी सध्या हैदराबादला असते. तिच्या लग्नाला आम्ही दोघे गेलो होतो, पंगतीत तिच्या आईने आमच्यासाठी वेगळे, दिवस असतानाच वाढले.

कापडव्यापारी स्नेह्यांच्या वहीत मी जॅकेट, बूट, थर, गोळ्या सर्व लिहिले. उद्या चिरंजीव पुन्हा येणार आहे, तेव्हा त्याला सांगेन की पोचल्यावर पहिल्याच महिन्यात रात्री दार वाजवता येईल अशी दोन घरे जोडून ठेव, चार वाजताचे प्राध्यापकांना पहिल्याच दिवशी सांग, आणि नॉरवूडसारखा नंबर डायरीत असेल तर तो लाव. मुलीचे ते जॅकेट सुटीत आली तेव्हा ती येथेच ठेवून गेली. ते कपाटातून काढून उन्हात घातले आहे. त्याला अंगात बसते, बाह्या मात्र दोन बोटे आखूड होतात. त्याच्या आईने विणून पट्टी लावते म्हणून सांगितले आहे.